आयएसबीएन मिळाला म्हणजे कॉपीराइट झाला का? स्वतः पुस्तक काढणाऱ्यांसाठी

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकांची दोन गोष्टींत हमखास गल्लत होते. काहीजण आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मिळाला की कॉपीराइट झाला असं समजून निर्धास्त होतात. काहीजण कॉपीराइटचं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत छपाई अडवून ठेवतात. खरं तर या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आयएसबीएन सांगतो की हे पुस्तक कुठलं आणि ते कोणी काढलं. मजकूर कोणाच्या मालकीचा, हे कॉपीराइट सांगतो. पहिला अर्ज करून मिळवावा लागतो, दुसरा लिहिताक्षणी आपोआप निर्माण होतो. आणि पुढे वाद झालाच, तर या दोन्हींपेक्षा जास्त महत्त्व तुम्ही कोणत्या कागदावर सही केली होती याला येतं.

आधी आकड्यांचं बघू. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन १३ अंकी आहे, त्याआधी तो १० अंकी होता. नमुन्यासाठी ९७८-९३-५१२३-४५६-२ हा क्रमांक घ्या. ९७८ म्हणजे ही वस्तू पुस्तक आहे. ९३ हा भारताचा गट, जुन्या पुस्तकांवर ८१ दिसतो. त्यापुढचा तुकडा प्रकाशकाचा, त्यानंतरचा त्या विशिष्ट पुस्तकाचा आणि शेवटचा एकटा अंक तपासणीचा. प्रकाशकाचा तुकडा जितका लांब, तितकी पुस्तकाच्या तुकड्याला जागा कमी. म्हणून शेकडो पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकाचा तुकडा आखूड असतो. आपल्या नमुन्यात पुस्तकासाठी तीन अंक आहेत, म्हणजे या तुकड्याखाली एक हजार क्रमांक बसतात.

तपासणीचा अंक कसा येतो ते एकदा हाताने करून बघाच, कारण टायपिंगची चूक त्यातूनच सापडते. पहिल्या बारा अंकांतले विषम जागांवरचे अंक घ्या: ९, ८, ३, १, ३, ५. बेरीज २९. सम जागांवरचे ७, ९, ५, २, ४, ६. बेरीज ३३, तिची तिप्पट ९९. एकूण १२८. पुढची दहाची पट १३०, फरक २. म्हणून शेवटचा अंक २. कुठलाही एक अंक चुकला की हे गणित मोडतं. शेजारचे दोन अंक अदलाबदल झाले तरी बहुतेक वेळा मोडतं. अपवाद एकच: त्या दोन अंकांत पाचचा फरक असेल, म्हणजे १६ चं ६१ किंवा २७ चं ७२ झालं, तर ते पकडलं जात नाही. प्रूफ तपासताना अशा जोड्यांवर डोळा ठेवा.

जुनं पुस्तक पुन्हा काढणारे इथे एक ठरलेली चूक करतात. दहा अंकी क्रमांकाच्या आधी ९७८ लावलं की झाला तेरा अंकी, असं त्यांना वाटतं. जुन्या पद्धतीत तपासणीचा अंक वेगळ्या गणिताने काढत, तिथे शेवटी इंग्रजी एक्ससुद्धा येऊ शकतो. त्यामुळे ९७८ लावल्यावर शेवटचा अंक नव्याने काढावाच लागतो.

भारतात आयएसबीएन देण्याचं काम शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी करते. ती दिल्लीत आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. यासाठी कुठलंही शुल्क नाही. एखादा मध्यस्थ ‘आयएसबीएनचे सरकारी चार्जेस’ म्हणून पैसे मागत असेल, तर ते सरकारचे नव्हेत, त्याचे स्वतःचे आहेत. फॉर्म भरून देण्याचा मोबदला म्हणून देणार असाल तर जरूर द्या, पण कशाचे देतोय ते कळून द्या.

अर्जाला बसण्याआधी ओळखपत्र, मुखपृष्ठाचा मसुदा आणि आतली सुरुवातीची पानं स्कॅन करून जवळ ठेवा. पुस्तकाचं नाव, भाषा, बांधणी, पृष्ठसंख्या, किंमत हे सगळं ठरलेलं असावं. आपल्याकडे अजूनही बरंच डीटीपी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टवर चालतं. तिथला मजकूर उचलून ऑनलाइन फॉर्ममध्ये चिकटवला की मराठीच्या जागी अगम्य अक्षरांची रांग उमटते. नाव युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. रोमन लिपीत द्यायचं असेल तर स्पेलिंग एकदाच ठरवा आणि आयएसबीएनचा अर्ज, कॉपीराइटचा अर्ज, ई-पुस्तक, ऑनलाइन दुकान सगळीकडे तेच ठेवा. लेखकाचं नाव एका जागी आद्याक्षरांसह आणि दुसरीकडे वडिलांच्या पूर्ण नावासह गेलं, तर एकाच माणसाचे कॅटलॉगमध्ये दोन लेखक होतात. पुढे ते दुरुस्त करणं जिवावर येतं.

अर्जात ‘प्रकाशक’ म्हणून कोणाचं नाव जातं, ते नीट बघा. स्वतः अर्ज केलात तर तुमचं, पैसे घेऊन पुस्तक काढून देण्याचं पॅकेज विकणाऱ्या कंपनीने तिच्या खात्यातून क्रमांक दिला तर तिचं. दुसरा मार्ग चुकीचा आहे असं नाही, अनेकांना तो सोयीचाही पडतो. पण नोंदीत प्रकाशक तीच राहते आणि तो क्रमांक उचलून तुम्हाला दुसरीकडे नेता येत नाही. उद्या करार संपवून तेच पुस्तक स्वतः छापलंत तर नवा क्रमांक घ्यावा लागेल. केडीपीवर (ॲमेझॉनची स्वतः पुस्तक काढण्याची सेवा) छापील आवृत्तीसाठी फुकट मिळणाऱ्या क्रमांकाचंही तसंच आहे, तो त्या व्यवस्थेबाहेर वापरता येत नाही. किंडलच्या ई-पुस्तकाला मुळात आयएसबीएन लागतच नाही, ॲमेझॉन स्वतःचा एक वेगळा ओळख क्रमांक देते.

किती क्रमांक लागतील? कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) या तिन्हींना स्वतंत्र. अनुवादाला स्वतंत्र. दोन खंडांचा संच असेल तर प्रत्येक खंडाला एक आणि संचाला वेगळा एक. जशीच्या तशी पुनर्मुद्रित केलेली प्रत जुन्याच क्रमांकावर निघते. किंमत वाढवली किंवा शुद्धलेखनाच्या चार चुका सुधारल्या म्हणून क्रमांक बदलत नाही. प्रकरणं वाढवली, मजकुरात मोठा फेरफार केला, तर ती नवी आवृत्ती आणि तिला नवा क्रमांक. आपल्याकडे प्रत्येक पुनर्मुद्रणाला ‘दुसरी आवृत्ती’, ‘तिसरी आवृत्ती’ म्हणायची पद्धत आहे. जाहिरातीत ते चालून जातं, नोंदीत घोटाळा होतो. आणि दिवाळी अंक काढत असाल तर आयएसबीएनच्या वाटेला जाऊच नका. नियतकालिकांसाठी आयएसएसएन असतो आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र दिल्लीतल्या निस्प्र या संस्थेत आहे.

क्रमांक दोन जागी छापायचा असतो, आतल्या श्रेयाच्या पानावर आणि मलपृष्ठावर बारकोडसह. इथे लेखात आपण मराठी आकडे वापरतो आहोत, पुस्तकावर मात्र क्रमांक इंग्रजी आकड्यांतच छापा. आयएसबीएन असला की त्यापासून थेट बारकोड तयार होतो, त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागत नाही. बारकोडचा मूळ आकार साधारण ३७ बाय २६ मिलिमीटर. तो ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ३० बाय २१ मिलिमीटरपर्यंत लहान केला तरी चालतो, त्याखाली नको. डाव्या-उजव्या बाजूला कोरी जागा लागते, मूळ आकारात डावीकडे साडेतीन मिलिमीटरहून थोडी जास्त, उजवीकडे सव्वादोनहून थोडी जास्त. मुखपृष्ठकाराला ही पांढरी चौकट खुपते. तो ती काढून बारकोड थेट चित्रावर बसवतो, किंवा रंगसंगतीसाठी रेघा तांबड्या करतो. दुकानातल्या बहुतेक स्कॅनरचा उजेड तांबडा असतो, त्याला तांबड्या रेघा दिसतच नाहीत. पांढऱ्यावर काळा, एवढंच ठेवा. फाइल व्हेक्टर घ्या, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फुटणारी. व्हॉट्सॲपवरून आलेली जेपीजी ताणून लावली की रेघांच्या कडा फुटतात.

प्रेसमध्ये क्रमांकाची वाट बघत काम अडलं असेल तर एक साधा उपाय आहे. श्रेयाचं पान पहिल्या फर्म्यात (एका कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटात) येतं आणि मुखपृष्ठ वेगळं छापलं जातं. बाकीचे फर्मे आधी छापून घ्या, पहिला फर्मा आणि मुखपृष्ठ शेवटी. क्रमांक यायच्या आधीच ‘अंदाजे असाच येईल’ म्हणून मागच्या पुस्तकाच्या पुढचा आकडा छापणारेही आहेत. मग हजार प्रतींवर स्टिकर चिकटवत बसावं लागतं.

आता कॉपीराइट. भारतात १९५७ चा कायदा लागू आहे. कागदावर किंवा संगणकात मजकूर उतरला की हक्क निर्माण झाला. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि वर्तुळातल्या सी चं ते चिन्ह छापणंही सक्तीचं नाही. छापावं हे बरं, वाचणाऱ्याला कळतं की कोणाकडे विचारायचं.

हक्क मिळतो तो मांडणीवर, कल्पनेवर नाही. गिरणगावातल्या चाळीवर कादंबरी लिहिली म्हणून दुसऱ्या कोणी चाळीवर लिहू नये असं म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. ‘माझ्या पुस्तकाचं नाव चोरलं’ ही तक्रार म्हणून कॉपीराइट कायद्यात फारशी टिकत नाही.

मुदत लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, तिथे ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत थांबावं लागेल. पु. ल. देशपांडे यांच्या बाबतीत ही तारीख ३१ डिसेंबर २०६०. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कविता त्यानंतर पुस्तकरूपाने आल्या, तिथे हा नियम लागतो. टोपणनावाने लिहिलेल्या मजकुरालाही प्रकाशनापासूनच ६० वर्षं, पण दरम्यान खरं नाव जाहीर झालं तर हिशेब पुन्हा हयातीवर जातो. तुकोबांचा अभंग कोणीही छापावा. मात्र एखाद्या अभ्यासकाने केलेला त्याचा अर्थ, टीपा, प्रस्तावना त्या अभ्यासकाच्या आहेत, त्या उचलायच्या नाहीत.

दुसऱ्याच्या चार ओळी वापरल्या तर चालतं, असा एक समज आहे. कायद्यात ओळींचा असा आकडा कुठेही नाही. समीक्षा, परीक्षण, खाजगी अभ्यास यांसाठी रास्त वापराची सूट आहे. कादंबरीतल्या प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर शोभेसाठी कवितेचं कडवं टाकणं या सुटीत बसवणं कठीण आहे. बारा ओळींच्या कवितेतल्या चार ओळी म्हणजे एक तृतीयांश कविता होते! गाण्यांच्या बाबतीत तर आणखीच जपून. परवानगी लेखी घ्या, ईमेल चालेल, आणि त्यात छापील व ई-पुस्तक दोन्हींचा उल्लेख असू द्या. व्हॉट्सॲपवर ‘कवी: अज्ञात’ म्हणून फिरणारी कविता बेवारस नसते. तिचा कवी बऱ्याचदा ठणठणीत असतो आणि पुस्तक आल्यावर फोन करतो. पत्रांचंही तसंच. आजोबांना आलेली पत्रं घरच्या ट्रंकेत असली तरी ती छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा.

मराठी पुस्तकांत ‘सर्व हक्क सौ. अमुकतमुक यांच्या स्वाधीन’ असं छापायची जुनी रीत आहे. भावना समजण्यासारखी आहे. पण नुसतं छापल्याने हक्क पत्नीकडे जात नाहीत, त्यासाठी सही केलेला हस्तांतरणाचा लेख लागतो. आणि हक्क गेले तरी मुदत लेखकाच्याच मृत्यूपासून मोजली जाते. पुढे भावंडांत किंवा मुलांत वाटण्या होतात तेव्हा ही एक ओळ भलती महागात पडते. द्यायचंच असेल तर कागद करा, किंवा मृत्युपत्रात लिहा.

मुखपृष्ठाकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो किंवा पेंटिंग यांचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणारा असतो. पण संगणकावर केलेली मांडणी, अक्षरलेखन, आतली रेखाटनं या सगळ्यांना हा नियम लागू पडेल असं धरून चालू नका. चित्रकाराकडून दोन ओळींचा लेखी करार घ्या: हे मुखपृष्ठ कागदी आवृत्ती, ई-पुस्तक आणि जाहिरात यांसाठी कायमचं वापरण्याचे हक्क अमुक रकमेत दिले. गूगलवरून उचललेलं चित्र आणि विनापरवाना फॉन्ट त्याने वापरले नाहीत, हेही त्यातच लिहून घ्या.

पॅकेजचा करार वाचताना कॉपीराइट कायद्याचं १९ वं कलम माहीत असावं. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. त्यात कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती हे असायला हवं. काळ लिहिला नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क घेणाऱ्याने एका वर्षात वापरला नाही तर तो परत तुमच्याकडे येतो, अर्थात करारात वेगळं लिहिलं नसेल तर. नेमकं तेच वेगळं लिहिलेलं असतं. ‘जगभरासाठी, कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत’ हे शब्द दिसले की थांबा. छपाईचे पैसे तुम्ही देताय, मग ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क समोरच्याने का घ्यावेत? करार संपल्यावर मांडणीच्या मूळ फाइल तुम्हाला मिळणार की फक्त पीडीएफ, हे विचारायचंही बहुतेकजण विसरतात. पीडीएफवरून दुसरी आवृत्ती काढायची म्हणजे पुन्हा सगळं टाइप करणं.

नोंदणी सक्तीची नसली तरी करावी का? पुस्तकावर चार पैसे मिळण्याची, चित्रपट-मालिकेची शक्यता असेल तर जरूर करा. कॉपीराइट रजिस्टरमधली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते, मग ती खोटी आहे हे दाखवण्याचा भार समोरच्यावर जातो. अर्ज फॉर्म १४ वर, ऑनलाइन. साहित्यकृतीला शुल्क ५०० रुपये. सोबत कृतीच्या प्रती लागतात. प्रकाशक दुसरा असेल तर त्याचं ना हरकत पत्र, आणि अर्जदार लेखक नसेल तर लेखकाचं. अर्ज गेला की डायरी नंबर मिळतो आणि आक्षेपांसाठी ३० दिवस सोडतात. त्यानंतर तपासणी होते. काही त्रुटी निघाली तर पत्र येतं, त्याला मुदतीत उत्तर न दिल्यामुळे बरेच अर्ज अडतात. ते पत्र अर्जात दिलेल्या ईमेलवर येतं, म्हणून तिथे एजंटचा नाही, स्वतःचा पत्ता द्या. अप्रकाशित म्हणून नोंदवलेलं पुस्तक नंतर छापलंत तर तपशील बदलण्यासाठी फॉर्म १५ आहे.

हस्तलिखित पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर्ड पोस्टाने पाठवायचं आणि न फोडता ठेवायचं, हा उपाय मुंबईच्या नाट्य-चित्रपट वर्तुळात अजून सांगितला जातो. त्याला कायद्यात नोंदणीचा दर्जा नाही. फार तर तारखेचा एक कच्चा दुवा. पटकथाकारांच्या संघटनेकडे केलेली नोंद त्यापेक्षा बरी, पण तीही तारखेचाच पुरावा.

पुस्तकाची पीडीएफ टेलिग्रामवर फिरताना दिसली, तर आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा. मग त्या सेवेला लेखी तक्रार द्या: कृती कोणती, मालक तुम्ही कसे, कुठल्या लिंकवर काय आहे. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे अशी तक्रार पटली तर ३६ तासांत तो मजकूर पोहोचेनासा करायचा असतो, पण तो २१ दिवसांपुरता. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू करता येतो. दाव्यासाठी चोर जिथे आहे तिथे जावं लागत नाही, लेखक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या न्यायालयात दावा लावता येतो. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं आणि दंड ५० हजार ते २ लाख रुपये.

पुस्तक छापून आल्यावर बहुतेक लेखक-प्रकाशक एक काम सरळ विसरतात. ग्रंथालयांना पुस्तकं देण्याबाबतच्या १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत चार प्रती स्वखर्चाने चार ग्रंथालयांना द्यायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईत फोर्टच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. स्वतः प्रकाशक असाल तर हे काम तुमचंच. कोलकात्याला पाठवायची प्रत सगळ्यात चांगल्या कागदावरची हवी, बाकी तिघांना विक्रीची नेहमीची प्रत चालते. काहीही न बदलता केलेल्या पुनर्मुद्रणाला ही सक्ती नाही, पहिल्या वेळच्या प्रती पोचवलेल्या असतील तर. मुंबईतल्यांनी टाउन हॉलची प्रत हातोहात नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी. बाकी तीन स्पीड पोस्टाने पाठवून पावत्या आयएसबीएनच्या पत्रासोबत एकाच फाइलीत लावून ठेवाव्यात.